दर बिघडवू नका!

मराठी माणसाचं अर्थशास्त्र रात्री साडेनऊला सुरू होतं. जेवण झालेलं असतं, तोंडात बडीशेप असते, मालिका जाहिरातींवर आलेली असते आणि फोन हातात असतो. अशा वेळी अकुशल कामगाराला रोज किती मिळावेत, यावर कोणीही बोलू शकतो. हीच मंडळी दिवसा बँकेत फॉर्म भरताना शेजाऱ्याचं पेन मागतात आणि ‘आयएफएससी म्हणजे कुठला हो नंबर?’ विचारतात. साडेनऊनंतर मात्र रिझर्व्ह बँकेचं नेमकं कुठे चुकलं, ते त्यांना लख्ख दिसू लागतं.

दादरच्या आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा वर्ग नेमाने भरतो. ग्रुप मुळात पाण्याची वेळ कळवायला काढला होता. पाणी आता यायचं तेव्हा येतं. ग्रुपवर मात्र किमान वेतन, मुक्त बाजार आणि आभासी चलन यांची संततधार असते.

मुक्त बाजाराची बाजू दुसऱ्या मजल्यावरचे अप्पा लढवतात. त्यांचं म्हणणं सरळ आहे. सरकारने कशाचीही किंमत ठरवू नये. मागणी आणि पुरवठा आपापसात बघून घेतील. ॲडम स्मिथचा १७७६चा ग्रंथ त्यांनी उघडलेला नाही, पण त्यातला ‘अदृश्य हात’ त्यांना पुरतो. कुणी काहीही म्हणालं की अप्पा तो हात पुढे करतात.

आता अप्पा ज्या दोन खोल्यांत बसून हे लिहितात, त्या पागडीच्या आहेत. मुंबईतली भाडी १९४७च्या भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर गोठवली. अप्पांच्या वडिलांना त्या कायद्याचा लाभ झाला आणि तो अप्पांनी वाडवडिलांच्या देव्हाऱ्याइतका जपला. १९९९च्या नव्या कायद्याने मालकाला वर्षाला चार टक्के वाढ घ्यायची मुभा दिली, तेव्हा ‘ही दिवसाढवळ्या लूट आहे’ हा इमारतीच्या सभेतला सगळ्यात वरचा आवाज अप्पांचा होता. आज ते देतात त्या महिन्याच्या भाड्यात स्टेशनबाहेर चौघांचा वडापाव आणि चहा होतो. पाचवा आला तर उधारी. शिवाय अप्पा निवृत्त झाले ते १९६९ साली सरकारने ताब्यात घेतलेल्या चौदा बँकांपैकी एकीतून. पेन्शनवर महागाई भत्ता मिळतो आणि तो ग्राहक किंमत निर्देशांकाच्या हिशेबाने हलतो. एकंदरीत त्या अदृश्य हाताने अप्पांच्या केसालाही कधी धक्का लावलेला नाही.

गेल्या पावसाळ्यात एकदा धक्का लागला. दादर स्टेशनबाहेर गुडघाभर पाणी, काळी-पिवळी मिळेना, म्हणून अप्पांनी ॲपवर टॅक्सी बघितली. भाडं दुपटीच्या वर. काळ्या-पिवळीचं किमान भाडं सरकार ठरवतं, १ फेब्रुवारी २०२५ला ते ३१ रुपये झालं. ॲपचं भाडं पाऊस ठरवतो. अप्पांनी पाण्यात उभं राहून ग्रुपवर लिहिलं, ‘सरकार झोपलंय का?’ तिसऱ्या मजल्यावरच्या चिरंजीवाने दोनच शब्द टाकले, ‘मागणी, पुरवठा.’ त्यानंतर दोन दिवस अप्पा ग्रुपवर फक्त पाण्याची वेळ कळवत होते.

कांद्याचंही तसंच. ८ डिसेंबर २०२३ला केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. लासलगावला शेतकऱ्यांनी लिलाव बंद पाडले, कारण भाव कोसळले. अप्पांनी मात्र बंदीचं स्वागत केलं. ‘आधी देशातल्या माणसाने खावं, मग परदेशातल्याने,’ असं त्यांचं त्या आठवड्यापुरतं मत होतं. वास्तविक मुक्त बाजार मागणारी खरी माणसं याच महाराष्ट्रात होऊन गेली. शरद जोशींनी चाकणच्या कांद्यापासून आंदोलन उभं केलं आणि सरकारने शेतमालाच्या बाजारातून हात काढून घ्यावा म्हणून शेतकऱ्यांना रस्त्यावर आणलं. ते स्वतःच्या मालाला मोकळीक मागत होते. अप्पांना मोकळीक हवी असते ती स्वतःच्या मालाला. दुसऱ्याच्या मालाला शिस्त हवी.

किमान वेतनाचा किल्ला नाना सांभाळतात. नाना मंत्रालयातून निवृत्त, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक संदेशाला संदर्भ असतो आणि खाली ‘आपला विश्वासू’ लिहायचं ते कसंबसं टाळतात. किमान वेतनाचा पहिला कायदा १८९४ साली न्यूझीलंडने केला, आपला १९४८चा, हे सगळं त्यांना तोंडपाठ. केंद्राने राज्यांना सुचवलेलं किमान पातळीचं वेतन २०१७ साली दिवसाला १७६ रुपये होतं आणि २०१९ साली ते १७८ झालं, हे नानांनीच आम्हाला सांगितलं. दोन वर्षांत दोन रुपये. तेही सूचना म्हणून. मानायचं की नाही ते राज्यांनी बघायचं. त्याच २०१९ साली संसदेने वेतन संहिता मंजूर केली आणि ती लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ला. सहा वर्षं मुहूर्त निघत नव्हता. आमच्या इमारतीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग याहून लवकर झालं, आणि ते अप्पांच्या देखरेखीखाली होतं.

किमान वेतन वाढवलं की मालक माणसं कमी करतो आणि गरिबाचं भलं करता करता त्याची नोकरी जाते, हे अप्पांचं ब्रह्मास्त्र. यावर नाना न्यू जर्सी काढतात. १९९२ साली तिथे किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर झालं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात झालं नाही. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या दोन अर्थतज्ज्ञांनी दोन्हीकडच्या बर्गरच्या दुकानांची माणसं मोजली. न्यू जर्सीत नोकऱ्या कमी झाल्याचं त्यांना दिसलं नाही. अभ्यास १९९४ साली छापून आला, त्यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडताहेत आणि २०२१ साली कार्ड यांना नोबेल मिळालं.

‘ते अमेरिकेत,’ अप्पा म्हणाले.

पुढच्याच संदेशात त्यांनी मिल्टन फ्रीडमनचं नाव घेतलं. फ्रीडमनही अमेरिकेतलेच, हे नानांनी दाखवून दिल्यावर अप्पा म्हणाले, ‘ते जागतिक.’

नानांबद्दल तुमचं मत फार चांगलं होऊ नये म्हणून सांगतो. त्यांच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं आहे. त्यावर दुधाच्या पिशव्यांच्या उभ्या रेघा आहेत आणि कामवाल्या मावशींच्या खाड्यांच्या लाल फुल्या. महिन्याला दोन सुट्ट्या माफ, तिसऱ्या फुलीपासून पैसे कापले जातात. मे महिन्यात मावशी भाचीच्या लग्नाला गावी गेल्या, तेव्हा नाना ग्रुपवर जगातल्या श्रमिकांच्या पगारी रजेबद्दल लिहीत होते आणि एका हाताने फुल्या मारत होते. घरकामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ साली १८९ क्रमांकाचा करार केला, भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही, याची नानांना मनापासून खंत आहे. तो करार अजून आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आला नाही, याची खंत आहे की समाधान, ते मी विचारलेलं नाही.

रविवारी दुपारी या वादाला जोर चढतो. आमरस-पुरी झालेली असते, पंखा फुल असतो आणि लोक लोळत लोळत लिहितात की कामगार कायद्यांनीच या देशाची वाट लावली. रविवारची ही सुट्टी याच मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून, अर्ज-विनंत्या करून, १० जून १८९०ला मालकांकडून मिळवली. रविवारीही कचेरीत डोळे चोळत कामगार कायद्यांविरुद्ध लिहायची वेळ आपल्यावर येत नाही, ती त्यांच्यामुळे.

तिसरा पक्ष चिरंजीवाचा. तो ऐरोलीला कंपनीत आहे आणि त्याचा सरकारवर, बँकेवर, नोटेवर, कशावरच विश्वास नाही. फक्त बिटकॉइनवर आहे. ऑक्टोबर २००८मध्ये सातोशी नाकामोतो या नावाने कुणीतरी नऊ पानांचं टिपण प्रसिद्ध केलं, जानेवारी २००९मध्ये चलन सुरू झालं, आणि ते २ कोटी १० लाखांच्या वर कधीच निघणार नाही, हे चिरंजीव संध्या म्हटल्यासारखं म्हणतो. दरवर्षी २२ मे रोजी तो ग्रुपवर पिझ्झाचं चित्र टाकतो. २०१०च्या त्या दिवशी फ्लोरिडातल्या एका गृहस्थाने दहा हजार बिटकॉइन देऊन दोन पिझ्झे घेतले होते. त्यांची आजची किंमत चिरंजीव शून्यं मोजत मोजत लिहितो, आणि प्रत्येक शून्यात त्याचा हुंदका ऐकू येतो. अप्पांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, एकदा विचारलं, ‘पण पोट भरलं ना रे त्याचं?’ चलनाचा उपयोग काय, या विषयावर आमच्या ग्रुपवर आलेला हा एकमेव नेमका प्रश्न. उत्तर आलं नाही.

एल साल्व्हादोरने सप्टेंबर २०२१मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलन केलं, तेव्हा चिरंजीवाने इमारतीत पेढे वाटले. तिथल्या सरकारने नागरिकांच्या फोनमध्ये तीस-तीस डॉलरचे बिटकॉइन घातले होते. जानेवारी २०२५मध्ये त्याच देशाने कायदा बदलून दुकानदारांवरची सक्ती काढली. पेढे परत मागावेत, असा विचार नानांच्या मनात आला होता. आपल्याकडे १ एप्रिल २०२२पासून अशा कमाईवर तीस टक्के कर बसला, जुलैपासून व्यवहारावर एक टक्का कापला जाऊ लागला, आणि एकीकडचा तोटा दुसरीकडच्या नफ्यातून वजा करायचीही सोय ठेवली नाही. चिरंजीव कळवळला. ‘सरकारने काहीतरी दिलासा द्यायला हवा,’ असं त्याने लिहिलं. ज्याच्या हातातून पैसा सोडवायचा होता, त्याच्याकडेच अर्ज.

मग एका रात्री बाबासाहेब आले. चिरंजीवाच्या वाचनात कुठेतरी आलं की आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झाला आणि त्यात रुपया काढण्यावर ठाम मर्यादा हवी असा आग्रह आहे. झालं! ‘बाबासाहेब शंभर वर्षांपूर्वी बिटकॉइनवालेच होते,’ असं त्याने जाहीर केलं. नाना खवळले. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं सांभाळताना १९४६च्या एप्रिलमध्ये किमान वेतनाचं विधेयक आंबेडकरांनीच मांडलं होतं, त्यातूनच पुढे १९४८चा कायदा झाला, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. तारखा दोघांच्याही बरोबर होत्या. दोघांनीही मूळ काहीच वाचलेलं नव्हतं. पैसा भक्कम हवा आणि मजुराला पुरेसा मिळायला हवा, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला एकदम वाटू शकतात, हे दोघांच्याही पचनी पडेना. रात्री साडेबारापर्यंत ते बाबासाहेबांना आपापल्या बाजूला ओढत होते. शेवटी चौकीदाराने मोटर सुरू केली आणि सगळे पाणी भरायला उठले.

डिजिटल रुपयाचा प्रयोग नानांनी स्वतः केला. रिझर्व्ह बँकेने तो १ डिसेंबर २०२२ला मुंबईसह चार शहरांत किरकोळ व्यवहारांसाठी चाचणी म्हणून आणला. यूपीआयने पैसे खात्यातून खात्यात जातात. हा मात्र खुद्द रिझर्व्ह बँकेचा रुपया, नोटेसारखाच, फक्त फोनमध्ये ठेवलेला. त्यावर व्याज मिळत नाही, जसं पाकिटातल्या नोटेवर मिळत नाही. नाना पिशवी घेऊन मंडईत गेले, यूपीआयचाच काळा-पांढरा चौकोन स्कॅन केला आणि पैसे पोचल्यावर भाजीवालीला समजावून सांगू लागले की बाई, हे नेहमीचे पैसे नव्हेत, हे सार्वभौम डिजिटल चलन आहे. मागे चार गिऱ्हाइकं ताटकळत होती. भाजीवालीने मेथीवर पाणी शिंपडत म्हटलं, ‘काका, कुठलेपण द्या, जुडी तीसलाच आहे.’

आता मावशी. या तिन्ही पक्षांच्या घरची भांडी त्याच घासतात.

मावशींचा दरफलक लिहिलेला नाही, पण पाठ आहे. भांडी वेगळी, केर-लादी वेगळी, कपडे वाळत घालणं वेगळं. माणशी भांडी किती पडतात ते त्यांनी डोळ्याने मापलेलं असतं. गणपतीत पाहुणे आले की दर वाढतो, आणि तो का वाढला ते ॲपप्रमाणेच त्या सांगत नाहीत. कढई जळलेली असेल तर एकदा कढईकडे आणि एकदा काकूंकडे बघून त्या ती बाजूला भिजत ठेवतात. ती उद्या घासली जाते. पगार ऑनलाइन द्यायचा चिरंजीवाचा आग्रह होता. मावशींनी साफ नाही म्हटलं. ‘जीपे नको. फोन पोराकडं असतो.’ महिन्याच्या एक तारखेला नोटा मोजून, घडी करून, कमरेच्या बटव्यात जातात. त्यात किती आहेत ते नवऱ्याला माहीत नाही, पोराला माहीत नाही, बँकेला नाही आणि सरकारला तर नाहीच. व्यवहाराच्या खासगीपणावर चिरंजीव गेली काही वर्षं लांबलचक लेख पुढे पाठवतो आहे. तो खासगीपणा त्याच्याच स्वयंपाकघरात रोज सकाळी साडेआठला येतो आणि त्याची चहाची कपबशी विसळतो.

यंदा चौथ्या मजल्यावर नवीन जोडपं राहायला आलं. दोघंही नोकरीवर, वेळ नाही, घासाघीस येत नाही. मावशींनी भांड्यांचे पंधराशे सांगितले आणि त्यांनी ‘बरं’ म्हटलं. बाकी इमारत बाराशे देत होती. पुढच्या महिन्यात मावशींनी सगळ्यांकडे पंधराशे सांगितले.

त्या रात्री अप्पांनी ग्रुपवर ठराव मांडला. शब्द त्यांचेच देतो: ‘इमारतीतील सर्व सभासदांनी घरकामासाठी एकच दर द्यावा, बाराशेच्या वर कोणीही जाऊ नये आणि कृपया दर बिघडवू नयेत.’ किमान वेतन म्हणजे सरकारी जुलूम म्हणणाऱ्या माणसाने कमाल वेतनाचा कायदा केला होता, आणि अंमलबजावणीसाठी तीन जणांची समितीही सुचवली होती. चिरंजीवाने विचारलं, मागणी-पुरवठ्याचं काय? अप्पांनी लिहिलं, ‘तो बाजारात. हे घर आहे.’ नानांकडून आम्हाला गर्जनेची अपेक्षा होती. नानांनी राज्याच्या २००८च्या घरेलू कामगार कल्याण मंडळाच्या कायद्याबद्दल चार उत्तम परिच्छेद लिहिले, त्यात नोंदणी आहे, कल्याण आहे, सगळं सांगितलं. बाराशे की पंधराशे, यावर शेवटी एकच ओळ होती: ‘या बाबीचा साकल्याने विचार व्हावा.’ मंत्रालयात या वाक्यावर फायली वर्षानुवर्षं झोपतात.

मावशी ग्रुपवर नाहीत. पण ठराव रात्री दहाला आला आणि सकाळी सातला त्यांना माहीत होता. कळवणारी आमच्यातलीच होती. त्यांनी अप्पांचं काम सोडलं. फक्त अप्पांचं.

पुढचे चार दिवस अप्पांनी भांडी घासली. दुसऱ्या मजल्यावरून पातेलं आपटल्याचे आवाज ऐकू येत होते आणि ग्रुपवर मुक्त बाजाराबद्दल काहीच येत नव्हतं. पाचव्या दिवशी जिन्यात काकूंनी मावशींना गाठलं. मी चपला शोधत होतो, त्यामुळे वाटाघाटी शब्दशः ऐकल्या.

‘अगं, असं तडकाफडकी सोडतात का? इतकी वर्षं आहेस आमच्याकडे.’

‘काकू, समोरच्या टॉवरमध्ये सोळाशे देतात.’

‘तिथे तुम्हाला साध्या लिफ्टने जाऊ देत नाहीत म्हणे. वेगळी लिफ्ट आहे तुमच्यासाठी.’

‘हो, पण आहे तरी. हितं एकपण नाही.’

काकू क्षणभर थांबल्या. मग खाली-वर बघून हळूच म्हणाल्या, ‘सोळाशे घे. पण ह्यांना बाराशेच सांगायचं. वरचे चारशे मी देईन, माझ्याकडचे.’

‘दिवाळीचा एक पगार?’

‘तो देतोच की दरवर्षी.’

‘आता सोळाशेचा.’

ग्रुपवर अप्पांनी दुसऱ्या दिवशी जाहीर केलं की ठराव यशस्वी झाला असून त्यांच्या घरी मावशी बाराशेवर परत आल्या आहेत, आणि इतरांनीही असंच ठाम राहावं. त्याखाली काकूंनी अंगठा दाखवला. बाकी इमारत पंधराशे देते आहे, अप्पांचं घर सोळाशे, आणि हा आकडा काकू, मावशी, मी आणि आता तुम्ही, एवढ्यांनाच माहीत आहे. अप्पांना सांगू नका. ज्यांना हा दर जास्त वाटत असेल त्यांनी भांडी स्वतः घासायला हरकत नाही. साबण वाण्याकडे मिळतो, त्याच्यावर किंमत छापलेली असते आणि तिथे घासाघीस चालत नाही.